भिंतीवरची तिरकी रेघ

साहेब, उत्तर तुम्हाला माहीत होतं. तुमच्या तोंडाशी आलेलं होतं आणि तुम्ही ते गिळलंत. एका रंगाऱ्याला फळ्यापाशी बोलावलंत, त्याची चूक भरल्या सभागृहात उघडी केलीत, हशा पिकवलात, आणि ती चूक दुरुस्त करून द्यायची पाळी आली तेव्हा मनगटावरच्या घड्याळात बघितलंत. तो चुकला होता, त्यात वाद नाही. या गोष्टीत तो आणखी एकदा चुकलेला आहे, तुमच्यापेक्षाही वाईट, आणि त्यावर इथे रंगाचा हात फिरवलेला नाही. पण त्याच्या वाटची लाज त्याने पुरेपूर भोगली. तुमच्या वाटची कुणी भोगायची?

आता पहिल्यापासून ऐका.

रंगारी चव्वेचाळीस वर्षांचा. नववीत दोनदा गटांगळ्या खाऊन शाळेबाहेर पडलेला. कामावर त्याला सगळे सेकंदराव म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. झालं असं, की एका वाचनालयाचं रंगकाम निघालं. पुस्तकांची कपाटं भिंतीपासून ओढून दालनाच्या मध्यात आणली होती आणि त्यांच्यावर जुन्या चादरी टाकल्या होत्या. चहाच्या सुट्टीत तो चादरीखाली हात घालून हाताला लागेल ते पुस्तक काढायचा. एक दिवस एक पातळसं पुस्तक निघालं. हलत्या घड्याळाचा वेळ मंद चालतो, असं त्यात लिहिलेलं. घड्याळ बिघडतं म्हणून नव्हे, वेळच मंद होतो म्हणून. ते वाचून त्याचा चहा गार झाला.

काम अकरा दिवसांचं होतं. त्या अकरा दिवसांत त्याने ते पुस्तक वाचलं, पण कसं वाचलं ते महत्त्वाचं आहे. दुसरं प्रकरण नुसतं अक्षरांनी गच्च भरलेलं, एक चित्र नाही. ते त्याने सोडलं आणि थेट तिसऱ्यावर उडी मारली, कारण तिथे चित्रं होती. दुसऱ्या कुणी प्रायमर न मारता भिंतीला रंग लावला असता तर त्याने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला असता. स्वतः मात्र नेमकं तेच केलं.

चित्र सोपं होतं. एक पेटी, वर आरसा, खाली आरसा. उजेडाचा एक ठिपका खालून वर जातो, वरून खाली येतो. एक फेरी म्हणजे घड्याळाचा एक टोला. पेटी जागेवर असेल तर ठिपक्याची वाट सरळ उभी. पेटी सरकत असेल तर बाहेरून बघणाऱ्याला ती वाट तिरकी दिसते, करवतीच्या दातांसारखी. तिरकी वाट उभ्या वाटेपेक्षा लांब. म्हणून टोला उशिरा पडतो. संपलं. रंगाऱ्याच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर रोलर वर-खाली केलेल्या माणसाला हे चित्र कुणी नव्याने समजावून सांगायची गरजच नव्हती.

मग काय, जो भेटेल त्याला तो हे सांगत सुटला. सोबतचे काका, साठी ओलांडलेले, शिडी धरायचे आणि टोमणे मारायचे. "सेकंदराव, जरा पळत पळत रंगवा," ते म्हणायचे. "म्हातारपण उशिरा येईल. माझं तर येऊन बसलंय."

आणि कामावर ताई होती.

ताई त्याची सख्खी बहीण, सहा वर्षांनी मोठी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं नाव पाचवीतून काढलं, आणि पुढच्या वर्षी तिनेच याला बोटाला धरून पहिलीत नेऊन बसवलं. घड्याळ बघायला त्याला तिने शिकवलं होतं. थाळी पालथी घालायची, तिच्यावर खडूने आकडे काढायचे, दोन काड्या ठेवायच्या, एक आखूड आणि एक लांब. किती वाजले सांग. तो चुकला की ती ओरडायची नाही. काड्या होत्या तशाच ठेवायची आणि म्हणायची, "परत बघ."

आता ती त्याच्या बरोबरीने काम करायची. पुट्टी घासायची, प्रायमर मारायची, आणि मोठी भिंत असली की त्याच्या शेजारी उभी राहून रोलर चालवायची. मोठ्या भिंतीचं एक असतं. एकाचा पट्टा ओला आहे तोवर दुसऱ्याचा त्याला भिडला पाहिजे. नाहीतर मध्ये जोड दिसतो, आणि सुकलेला जोड नंतर वर कितीही हात मारले तरी लपत नाही. म्हणून दोघांचे हात एका ठेक्यात चालावे लागतात. ताई त्यासाठी मोजायची. वर जाताना एक, खाली येताना दोन. एक, दोन. एक, दोन. तिचं मोजणं कधी ढळायचं नाही. काका म्हणायचे, ही बाई झोपेतही भिंत रंगवत असणार.

वाचनालयाचं काम संपत आलं तेव्हा त्याला वाटलं, हिला एकदा दाखवावं. मागच्या जिन्याशेजारची भिंत प्रायमर मारून कोरी पडली होती. उंच छतासाठी आणलेली चाकांची परांची तिथेच होती.

"ताई, तू इथे खाली उभी राहा आणि मोज."

"काय मोजू?"

"नेहमीचंच, एक-दोन."

तो परांचीवर चढला. आधी जागेवर उभं राहून रोलर वर नेला, खाली आणला. भिंतीवर एक उभा पट्टा उमटला.

"आता काका, ढकला. सावकाश. मध्ये थांबायचं नाही."

"पडलात तर वेळ कायमचा थांबेल, सेकंदराव. मला दोष द्यायचा नाही," असं म्हणत काकांनी परांची ढकलली. तो वर-खाली, वर-खाली रोलर चालवत गेला. ताई खालून मोजत होती. भिंतीवर करवतीचे दात उमटत गेले. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जसं ते दात त्यानेच पहिल्यांदा जगात आणले.

"बघ. लांब कोणती? उभी की तिरकी?"

"तिरकी."

"लांब वाट, म्हणजे जास्त वेळ. म्हणून हलत्या घड्याळाचा टोला उशिरा पडतो. एवढंच आहे ते."

ताईने मान वाकडी करून भिंतीकडे बघितलं. जोड तपासताना बघायची तसं.

"पण उशीर झालाच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी मोजत होते ना. तू जागेवर होतास तेव्हाही एक-दोन, आणि काका ढकलत होते तेव्हाही तेवढंच एक-दोन. रेघ लांब झाली, पण तुझा रोलरही तेवढाच भरभर गेला की. तुझं वर-खाली आणि काकांचं ढकलणं, दोन्ही मिळून. मग उशीर कुठला?"

काका खो-खो हसले. जिन्यावर दोन नळदुरुस्तीवाले डबा खात बसले होते, तेही हसले. "बोला आता, सेकंदराव," त्यातला एक म्हणाला.

खोटं कशाला सांगायचं, रंगाऱ्याला त्याच क्षणी लागलं होतं. सगळं कळलं नव्हतं, पण पायाखालची फळी हलली की जसं कळतं तसं कळलं होतं. ही म्हणते त्यात काहीतरी आहे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, थांब, परत बघू. त्याने काय म्हटलं?

"ताई, तू जा, पुट्टी घास. हे डोक्याचं काम आहे."

ती "बरं" म्हणाली. तोंडाला फडकं बांधलं आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन घासायला लागली. तिचं "बरं" त्याने होकार म्हणून खिशात टाकलं आणि पुढचे सहा महिने तेच उदाहरण लोकांना सांगत फिरला.

सहा महिन्यांनी विद्यापीठातल्या तुमच्या भौतिकशास्त्र विभागाच्या इमारतीचं काम निघालं. सुट्टीचे दिवस, आधी लांबलचक व्हरांडा, मग एकेक खोली. व्हरांड्याच्या भिंतीवरचे कागद खरवडून काढताना एक ताजा छापील कागद सापडला. शनिवारी दुपारी तुमचं भाषण, विषय काळ आणि वेग. खाली ठळक अक्षरांत, सर्वांना प्रवेश, प्रश्न जरूर विचारा.

"सर्वांना म्हणजे त्यांच्यातल्या सर्वांना," काका म्हणाले.

"लिहिलंय तसं नाही," रंगारी म्हणाला आणि तो कागद न खरवडता अलगद सोडवून घेतला.

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. ताईही आली. "बघू तरी काय म्हणतात," ती म्हणाली. तिने हात तीनदा धुतले होते, पण पुट्टी बोटांच्या भेगांत जाऊन बसते, ती धुऊन निघत नाही. दोघं मागून दुसऱ्या रांगेत बसली.

तुम्ही छान बोललात, हेही इथे सांगितलं पाहिजे. तासभर कुणी हललं नाही. मध्ये कुठेतरी तुम्ही सहज म्हणून गेलात, की उजेडाचा वेग सगळ्यांना सारखाच दिसतो, कुणी त्याच्या दिशेने धावो नाहीतर उलट. बाहेर ऊन आहे म्हणावं तसं म्हणालात. रंगाऱ्याने ते ऐकलंच नाही. तो मनात स्वतःचं वाक्य घोळवत बसला होता. ताईने ऐकलं.

प्रश्नांची वेळ आली आणि त्याने हात वर केला. "प्रश्न नाही सर, एक सोपं उदाहरण आहे. सगळ्यांना कळेल असं."

"या की, पुढे या," तुम्ही म्हणालात. "फळ्यावरच दाखवा."

तुम्ही खडू त्याच्या हातात दिलात. त्याने एक उभी रेघ मारली आणि तिच्या शेजारी करवतीचे दात, पट्टी न लावता, एकेक दात नेमका. पुढच्या रांगेतून कुणीतरी "वा" म्हटलं. त्याची छाती फुलली. त्याने रोलरचं सांगितलं, परांचीचं सांगितलं, लांब वाटेचं सांगितलं.

"म्हणजे वाट लांब, म्हणून वेळ जास्त," तुम्ही म्हणालात.

"हो, सर."

"चालत्या बसमध्ये तुम्ही चेंडू वर उडवलात तर रस्त्यावरच्या माणसाला त्याची वाट तिरकी दिसेल. बरोबर?"

"हो."

"उभ्या वाटेपेक्षा लांब."

"हो."

"मग चेंडू उशिरा हातात येणार. बसमध्ये झेल घेणाऱ्यांची पंचाईतच म्हणायची."

सभागृह हसलं. तुम्ही थांबलात, हशाला वाट करून दिलीत, मग विचारलंत, "आपण काय करता?"

"रंगकाम. हा बाहेरचा व्हरांडा आम्हीच..."

"तरीच. रेघा मात्र सुरेख मारता."

दुसरा हशा पहिल्याहून मोठा होता.

तो खडू घेऊन उभा राहिला. हसणाऱ्यांचं त्याला तितकंसं काही वाटलं नाही, कामावर रोजच कुणी ना कुणी हसतं. त्याला ऐकू येत होतं ते वेगळंच. एक, दोन. एक, दोन. तुम्ही चेंडू म्हणालात, ताई रोलर म्हणाली होती. गोष्ट एकच होती. सहा महिने आधी, फुकट, प्रेमाने, तिने त्याला हेच सांगितलं होतं. तुम्ही त्यातलं प्रेम तेवढं काढून टाकलंत.

तो रांगांमधून मागे यायला निघाला तोच ताई उठून उभी राहिली.

"सर, एक विचारू?" परांचीवर हाक पोचवायची सवय असलेला आवाज, सगळ्या माना वळल्या. "चेंडूला बसचा वेग मिळतो, रोलरला ढकलण्याचा मिळतो, कबूल. म्हणून त्यांना उशीर होत नाही. मग उजेडाला का मिळत नाही? तुम्हीच म्हणालात, कुणी कसंही पळालं तरी त्याचा वेग तेवढाच. असं का? आणि ते मोजून बघितलं कुणी?"

सभागृह गप्प झालं. रंगाऱ्याला ती शांतता कळली नाही. त्याला फक्त ती दिसली, सभागृहाच्या डोळ्यांनी दिसली. भेगाळलेले हात, चढलेला आवाज, पाचवीतून काढलेलं नाव. तो जवळजवळ धावतच रांगेत शिरला आणि तिची बाही ओढून दबक्या आवाजात म्हणाला, "बस खाली. हसं झालं तेवढं पुरे."

ताई बसली.

आणि तुम्ही? तुम्ही घड्याळात बघितलंत. "बाई, ते असं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. वेळही झाली आपली." टाळ्या. आभार. बाहेर चहा.

तुमचा गुन्हा इथे संपतो, साहेब. त्याचा इथून पुढे सुरू होतो.

बाहेर चहाच्या टेबलापाशी तो एकटाच भिंतीला पाठ लावून उभा होता. तुमच्याच विभागात शिकवणाऱ्या एक तरुण मॅडम त्याच्याकडे आल्या. "फळ्यापाशी तुम्हीच होतात ना? मागे ज्या बाई बोलल्या, त्या तुमच्या कोण?"

त्याला वाटलं, आता यांनाही हसायचंय. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे कामाला आहे. घासकामाला. तिला काही कळत नाही मॅडम, मनावर घेऊ नका."

मॅडमनी भुवया उंचावल्या. "कळत नाही? अहो, अख्ख्या दुपारीत नेमका प्रश्न तेवढा एकच आला. सगळा डोलारा त्याच्यावरच तर उभा आहे." बोलता बोलता त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली.

मागे ताई उभी होती. दोन हातांत दोन कप. एक तिचा, एक त्याचा. तिने त्याचा कप टेबलाच्या कडेला ठेवला, काळजीपूर्वक, सांडू न देता, आणि आपला चहा घेऊन बाजूला गेली.

घरी जाताना रस्ताभर ती चार पावलं पुढे चालली. त्याने दोनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा खाकरायचीही हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी व्हरांड्यात काम सुरू झालं.

"शेठ, पॉलिश पेपर संपलाय."

त्याने मागे वळून बघितलं. कुणी शेठ आलेत की काय. कुणी नव्हतं.

"मला म्हणतेस?"

"कामाला आहे ना मी तुमच्याकडे? मग काय म्हणायचं असतं?"

तुमच्यासारख्यांना हे कळायला वेळ लागेल, म्हणून सांगून ठेवलं पाहिजे. ज्या बहिणीने नाक पुसलं, थोबाडीत दिली, स्वतःच्या ताटातलं उचलून याच्या ताटात घातलं, ती बहीण एका सकाळी "तुम्ही" म्हणते, तेव्हा शिवी त्याहून सोपी असते. "चहा घेणार का, शेठ?" "शिडी धरू का, शेठ?" काकांना पहिल्या दिवशी मजा वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांचं हसू आटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी रंगाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय केलंस रे तू?" त्याच्याने सांगवलं नाही. काकांसारख्या टवाळ माणसालाही सांगता येऊ नये, असं काहीतरी आपण केलंय, हे त्याला तेव्हा नीट उमगलं.

आणि तिने मोजणं बंद केलं. शेजारी उभी राहायची, रोलर चालवायची, काम चोख. पण तोंड मिटलेलं. त्याने स्वतः मोजून बघितलं. त्याचं एक-दोन कधी लांबायचं, कधी आखडायचं, आणि मोजण्याकडे लक्ष गेलं की हात चुकायचा. गुरुवारी सकाळी ऊन तिरपं आलं आणि व्हरांड्याच्या भिंतीवर जोड दिसले. हाताएवढ्या अंतरावर एकेक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बावीस वर्षांत त्याच्या भिंतीवर जोड दिसला नव्हता. तो त्या भिंतीसमोर उभा राहिला आणि त्याला वाटलं, हे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना वाचता येतंय.

त्या दुपारी तो हातपाय न धुता वाचनालयात गेला. तेच पुस्तक मागून घेतलं. सोडलेलं दुसरं प्रकरण फक्त चार पानांचं होतं. त्याने ते कपाटापाशी उभ्यानेच वाचलं, दोनदा. आणि तिथे त्याला ते कळलं, खरोखर कळलं.

रोलरची तिरकी वाट लांब होते, पण ढकलण्याचा वेग रोलरला मिळतो, म्हणून तो लांब वाट तेवढ्याच वेळात कापतो. ताईचं एक-दोन ढळत नाही. उजेडाचं तसं नाही. गाडीवरचा दिवा असो की जमिनीवरचा, उजेडाला गाडीचा वेग वर जोडून मिळत नाही. तो लांब वाटही आपल्या नेहमीच्याच वेगाने कापतो. मग वाट लांब आणि वेग तोच, तर ताणायला उरलं काय? एक-दोनच उरलं. ताण सगळा तिथे येतो. म्हणजे मुद्दा तिरक्या रेघेत नव्हताच. मुद्दा मोजणाऱ्या बाईच्या तोंडात होता, आणि याने तिला पुट्टी घासायला पाठवलं होतं.

इतकी सुंदर गोष्ट इतक्या लाजेने कुणी शिकली नसेल.

उजेड असा का वागतो, ते मात्र त्या चार पानांत नव्हतं. हे असं धरून चालायचं, आजवरच्या प्रत्येक प्रयोगात ते टिकलंय, एवढंच होतं. कुणी कसं मोजलं, ते नाही. म्हणजे ताईचा प्रश्न पुस्तकालाही पुरून उरला होता.

शुक्रवारी ती व्हरांड्याच्या टोकाला एकटी घासत होती. तो बादली पालथी घालून तिच्यापुढे बसला.

"तू बरोबर होतीस."

"कशाबद्दल?"

"एक-दोनबद्दल."

"ते मला माहीतच होतं, शेठ."

"आणि दुसरं... मी जे म्हणालो..."

"कुठे म्हणालात?"

"तिथे. बाहेर. चहापाशी."

"मग इथे कशाला सांगता? इथे तर आपण दोघंच आहोत."

 मग जवळ जे होतं ते त्याने दिलं. चार पानांत वाचलेलं सगळं सांगितलं, सावकाश, अडखळत, न कळलेलं न कळलेलं म्हणून. ती घासता घासता ऐकत होती. मग तिचा हात थांबला.

"थांब. परांचीवर तू होतास. तुला काय हलताना दिसत होतं?"

"भिंत. भिंत मागे जात होती."

"आणि मी?"

"तूही."

"म्हणजे तुझ्या बाजूने तू जागेवर आणि मी सरकतेय. माझ्या हातात तसलं उजेडाचं घड्याळ असतं तर तुला त्याची वाट तिरकी दिसली असती. म्हणजे तू म्हणणार, ताईचं घड्याळ मंद. आणि मी म्हणणार, तुझं. मग खरं मंद कुणाचं?"

त्याने बोटाने हवेत एक तिरकी रेघ काढली, मग उलट बाजूने दुसरी. "माहीत नाही."

"परत बघ," ती म्हणाली.

कितीतरी वर्षांनी ऐकलं होतं ते. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण तिच्याही लक्षात आलं, आपण त्याला तू म्हणून बसलो. तिने फडकं नाकावर ओढलं. "व्हा बाजूला, शेठ. धूळ बसेल अंगावर."

पुढच्या सोमवारी तुमच्या खोलीची पाळी होती. तुमच्या खुर्चीवर प्लॅस्टिक टाकलेलं, पुस्तकं मध्ये रचून झाकलेली, एका भिंतीला पहिला हात नुकताच पुरा झाला होता. तुम्ही कसलीशी फाइल न्यायला आलात. बरोबर तुमचे दोन सहकारी होते आणि त्या चहापाशी भेटलेल्या मॅडम. दाराशी काका शिडी धरून उभे, कोपऱ्यात ताई उरलेली पुट्टी डब्यात भरत बसलेली. रंगारी शिडीवर होता. त्याने चौघांकडे बघितलं, रोलर ट्रेमध्ये ठेवला आणि खाली उतरला.  

"साहेब, एक मिनिट. मॅडम, तुम्हीही ऐका. त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. या माझ्याकडे कामाला नाहीत. ही माझी मोठी बहीण आहे. मला घड्याळ बघायला हिने शिकवलं. सरांनी फळ्यापाशी माझी जी चूक दाखवली, ती हिने मला सहा महिने आधीच दाखवली होती, आणि मी चार लोकांत हिचं तोंड बंद केलं. मग तुमच्यापुढे मला हिची लाज वाटली. लाज वाटायची ती माझी मला वाटायला हवी होती."

 काकांनी शिडीवरची पकड बदलली. तुम्ही एका सहकाऱ्याकडे बघितलंत, मग प्लॅस्टिक उचलून फाइल शोधायला लागलात. "बरं, बरं. ठीक आहे. काम चालू द्या तुमचं."

"काम चालू आहे," ताई म्हणाली.

ती कोपऱ्यातून उठली. तोंडावरचं फडकं खाली ओढलं. हात पुसले नाहीत. पांढरे हात तसेच घेऊन ती तुमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"माझा पहिला प्रश्न तुमच्याकडे तसाच पडून आहे. उजेडाला ढकलण्याचा वेग का मिळत नाही, आणि ते मोजलं कुणी. त्या दिवशी वेळ झाली होती तुमची. त्यावर आता दुसरा आलाय. हा माझा भाऊ चाकांवर होता, मी भिंतीपाशी. मी म्हणते याचं घड्याळ मंद, हा म्हणतो माझं. दोघंही खरं बोलतोय. हा खोटं बोलला की मला लगेच कळतं, म्हणून सांगते."

मॅडम हसल्या, पण तुमच्याकडे बघत. तुमचा डावा हात वर येत होता, मनगट वळत होतं.

"घड्याळ बघू नका, सर," ताई म्हणाली. "भिंतीला पहिला हात मारलाय. तो सुकायला दोन तास लागतात, तोवर आम्हाला दुसरं काम नाही. बसा. मी भिंतीपाशी, हा चाकांवर. मंद कुणाचं? सांगा."